परिवीक्षा आणि मैत्री : कायद्यातील एका शब्दाचा प्रवास



भाषेच्या अभ्यासकाने कायद्याच्या प्रांतात शिरावे हा काहींना आगंतुकपणा वाटेल. परंतु मला येथे बोलावयाचे आहे ते शब्दांविषयीच. न्यायालयाने दोषी ठरविलेल्या माणसाला तुरुंगात न धाडता, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर घरी सोडावयाचे आणि त्याच्या देखरेखीस अधिकारी नेमावयाचा, या पद्धतीला इंग्रजीत प्रोबेशन म्हणतात. त्या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील ‘पारखणे, सिद्ध करणे’ हा अर्थ आहे. आपण त्याकरिता ‘परिवीक्षा’ हा शब्द योजला. परि म्हणजे सभोवती, वीक्षा म्हणजे पाहणे. माणसाने स्वतःला सिद्ध करून दाखविण्याचा भाग गळाला, सभोवारची नजर तेवढी उरली. (नव्या प्राध्यापकालाही सरकार परिवीक्षाधीनच म्हणते, ती नजर मीही सोसली आहे.)

इंग्लंडात मात्र या पद्धतीचा उगम नजरेतून झालेला नाही. 1876 साली फ्रेडरिक रेनर नावाच्या मुद्रकाने चर्चच्या मद्यपानविरोधी संस्थेला पाच शिलिंग पाठविले आणि न्यायालयात वारंवार येणाऱ्या दारुड्यांसाठी काही करा अशी विनंती केली. त्यातून लंडनच्या पोलीस न्यायालयांत मिशनरी नेमले गेले. त्या काळी तेथे आत्महत्येचा प्रयत्न हाही गुन्हाच होता. वाचलेल्या माणसाला आरोपी म्हणून उभे करीत. दंडाधिकारी बहुधा त्याला काही दिवस कोठडीत ठेवून, समज देऊन सोडीत, आणि पुष्कळदा मिशनऱ्याच्या हवाली करीत. मिशनऱ्याने त्याच्या घरी जावे, दुरावलेल्या नातलगांशी बोलावे, काम मिळवून द्यावे. म्हणजे मरणाच्या वाटेवरून माणूस परतविण्याचे काम प्रोबेशन अधिकाऱ्याच्या या पूर्वजाकडे पहिल्यापासूनच होते. ते मागाहून कोणी त्याच्या गळ्यात अडकविलेले नाही.

1907 च्या कायद्याने ही व्यवस्था सरकारी झाली. अधिकाऱ्याने सल्ला द्यावा, साहाय्य करावे आणि मैत्री करावी, अशी तीन क्रियापदे त्या कायद्यात होती. तिसरे क्रियापद मला विलक्षण वाटते. कायद्याच्या रुक्ष मजकुरात मैत्री हे सेवकाचे कर्तव्य म्हणून येते, हे किती वेळा घडते?

पुढे हेच क्रियापद दुसऱ्याच दारी नांदू लागले. 1953 साली चॅड वारा या धर्मगुरूने लंडनच्या एका चर्चमध्ये, आत्महत्येचे विचार येणाऱ्यांसाठी दूरध्वनीची सेवा सुरू केली. तीच समॅरिटन्स संस्था. भेटीची वाट पाहत बसलेली माणसे स्वयंसेवकांपाशी मन मोकळे करतात आणि कित्येकांना मग आपली गरजच उरत नाही, असे त्याच्या ध्यानात आले. त्या ऐकण्याला संस्थेने नाव दिले ते मैत्रीचेच. 1961 साली तेथे आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा राहिला नाही. आणि 2000 च्या कायद्याने प्रोबेशन सेवेची जी उद्दिष्टे सांगितली, त्यांत जनतेचे संरक्षण, पुन्हा गुन्हा न घडणे, योग्य शिक्षा, पुनर्वसन ही होती, मैत्री नव्हती. इतरांना या माणसापासून किती धोका, हे मोजले जाऊ लागले. त्याला स्वतःपासून किती धोका, हा प्रश्न मागे पडला, असे माझे मत आहे. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, इंग्लंड व वेल्समध्ये अशा देखरेखीखालील लोकांतील आत्महत्यांचे प्रमाण सर्वसामान्यांच्या जवळजवळ 9 पट आढळले.

कारणे गूढ नाहीत. सुटकेनंतरचे पहिले काही आठवडे, न्यायालयाची तारीख जवळ येणे, अट मोडल्यामुळे पुन्हा तुरुंगाची टांगती तलवार, घर आणि नाती तुटणे, दारू, लाज. तुरुंगात रात्री कोणी तरी फेरी मारतो. येथे दोन भेटींच्या मधले दिवस रिकामे असतात. ठरलेल्या दिवशी माणूस आला नाही की नोंदवहीत अटीचा भंग म्हणून खूण होते. तो खचलेला असेल ही शंका क्वचितच घेतली जाते. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे थेट विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, हे आता अभ्यासकांत मान्य झाले आहे. तरी विचारावयास जीभ रेटत नाही.

आपल्याकडे मुंबई प्रांताने 1938 सालीच परिवीक्षेचा कायदा केला; बेळगाव तेव्हा त्याच प्रांतात होते. 1958 च्या केंद्रीय कायद्याचे चौदावे कलम मी 1907 च्या मजकुराशेजारी ठेवून वाचले. सल्ला आहे, साहाय्य आहे, नोकरी शोधून देणे आहे. मैत्री नाही. उलट आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला 1860 च्या दंडविधानाचे 309 वे कलम एक वर्षापर्यंत कैद सांगत होते. मुंबई उच्च न्यायालयाने 1986 साली ते घटनाबाह्य ठरविले, सर्वोच्च न्यायालयाने 1994 साली तसेच म्हटले, पण 1996 साली ते पुन्हा उभे केले. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याची धार काढली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ते कलम नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला आहे. दूरध्वनीवर ऐकून घेणारी ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवाही 2022 पासून 14416 या क्रमांकावर आहे. परिवीक्षा अधिकाऱ्याने तो क्रमांक पहिल्याच भेटीत लिहून द्यावयास हरकत नाही.

तुरुंगातील आत्महत्यांचे आकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत छापले जातात. परिवीक्षेवरील माणसांसाठी मात्र त्या तक्त्यांत रकाना नाही.