बालगंधर्वांची पहिली तालीम

१/८ सन १९०५, मिरज. किर्लोस्कर नाटक मंडळीत सतरा वर्षांचा एक मुलगा दाखल झाला : नारायण श्रीपाद राजहंस. बालपणी त्याचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्याला 'बालगंधर्व' म्हटले होते. गळा तयार होता, रंगभूमीचा अनुभव मात्र नव्हता.

२/८ मंडळीची अवस्थाही बिकट होती. संस्थापक अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये निवर्तले होते. ज्यांच्या गळ्यावर मंडळीची लोकप्रियता उभी होती, ते भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले. त्यांच्या तोडीचा गाणारा नट मिळत नव्हता.

३/८ नारायणाच्या कानाला विकार होता. त्याच्या गाण्यावर प्रसन्न झालेल्या छत्रपती शाहू महाराजांनी मिरजेच्या मिशन रुग्णालयात उपचारांची सोय करून दिली आणि महाराजांच्याच प्रोत्साहनाने तो मंडळीत आला. 'नाटक्या' हा शब्द हेटाळणीने उच्चारला जाण्याचा तो काळ. प्रतिष्ठित घरातील मुलाने नाटकात जाणे सोपे नव्हते.

४/८ पहिलीच भूमिका 'संगीत शाकुंतल'मधील शकुंतलेची. स्त्रीभूमिका तेव्हा पुरुषच करीत. बैठकीत गायकाला रागापुरते पाहावे लागते. येथे लुगडे सावरीत, चालत, समोरच्या पात्राकडे पाहत गावयाचे. आणि पद संपताच त्याच भावात गद्य बोलावयाचे.

५/८ हे शिकविण्याचे काम गोविंद बल्लाळ देवलांचे. सांगलीजवळच्या हरिपूरचे देवल हे 'शारदा'चे नाटककार. परंतु मंडळीत त्यांचा खरा दरारा तालीममास्तर म्हणून. ते स्वतः अण्णासाहेबांच्या हाताखाली घडले होते.

६/८ तेव्हाची तालीम मुख्यतः मुखोद्गत विद्या होती. नटाला त्याच्या भूमिकेची हस्तलिखित 'नक्कल' मिळे. तालीममास्तर वाक्य स्वतः म्हणून दाखवीत. कोठे थांबावे, कोणत्या शब्दावर भार द्यावा, मान किती झुकवावी, हे ऐकून व पाहूनच उचलायचे. अधू कानाच्या मुलासाठी ही परीक्षा अधिकच कठीण.

७/८ मिरजेच्या रंगमंचावर ही शकुंतला उभी राहिली आणि मंडळीला नवा आधार मिळाला. पुढे १९११ मध्ये 'मानापमान'मधील भामिनी गाजली. १९१३ मध्ये गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली.

८/८ याच मंडळीने १९१६ च्या ऑक्टोबरात देवलांचे 'संशयकल्लोळ' संगीत रूपात रंगभूमीवर आणले. रेवती झाले होते बालगंधर्व. देवल मात्र त्याच वर्षी जूनमध्ये निधन पावले होते. ज्याला त्यांनी उभे राहण्यापासून शिकविले, त्या शिष्याची रेवती त्यांना पाहता आली नाही.