'वेतन' या शब्दाचा अर्थ : न्यूयॉर्कचा एक हिशेब

शब्दाच्या अर्थावरून वाद घालणे हा साहित्याच्या अभ्यासकांचा रोजचा उद्योग. पण एखाद्या शब्दाच्या अर्थाचे ओझे एका महानगराच्या अंदाजपत्रकाला दशकानुदशके वाहावे लागते, असे आपल्या वाचनात क्वचित येते. न्यूयॉर्क शहराच्या पोलीस आणि अग्निशमन दलांच्या निवृत्तिवेतनाचा इतिहास चाळताना आम्हांला ते दिसले. तेथला शब्द आहे 'वेतन'. जादा कामाचे पैसे, म्हणजे ओव्हरटाइम, हे वेतन मानायचे की नाही? आपल्याकडच्या प्राध्यापकाला हा प्रश्न फारसा पडत नाही. जुन्या योजनेतील त्याचे निवृत्तिवेतन मूळ वेतनावर ठरते आणि घरभाडे भत्ता त्यात धरला जात नाही, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कायद्यातही ओव्हरटाइम 'नियमित वेतना'त बसत नाही. त्यामुळे बॉस्टनच्या पोलिसाने कितीही जादा तास भरले, तरी त्याचे निवृत्तिवेतन त्याने वाढत नाही. न्यूयॉर्कने मात्र ओव्हरटाइमला वेतनात जागा दिली.

तेथील पोलिसांसाठी १८५७ साली जो निधी सुरू झाला तो जायबंदी झालेल्यांपुरता होता. १८७८ मध्ये दीर्घ सेवेनंतर अर्ध्या पगाराचे निवृत्तिवेतन आले. अर्धा पगार म्हणजे कोणत्या पगाराचा अर्धा, हा प्रश्न त्या काळी किरकोळ वाटला असेल. पुढे १९३८ साली मंजूर झालेल्या राज्यघटनेने निवृत्तिवेतन हा करार ठरवला आणि एकदा दिलेला लाभ कमी करता येणार नाही, अशी तरतूद केली. ही तरतूद ध्यानात ठेवल्याशिवाय पुढचे काहीच उलगडत नाही. ज्या करारातून मागे फिरता येत नाही, त्यातल्या प्रत्येक शब्दाचे मोल वाढते.

जुलै १९७३ पासून भरती झालेल्यांसाठी नवी श्रेणी आली आणि शेवटच्या एका वर्षाऐवजी तीन वर्षांची सरासरी धरण्याचे ठरले. दोनच वर्षांनी शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभे राहिले. १९७५ च्या उन्हाळ्यात सुमारे पाच हजार पोलिसांना कामावरून कमी करण्यात आले. संघटनांनी प्रवाशांना शहरापासून सावध करणारी 'भयनगरी'ची पत्रके छापली, आणि त्याच वर्षी शिक्षकांच्या निवृत्तिनिधीने रोखे विकत घेऊन शहराला वाचवले. पैसा नसला म्हणून गस्त थांबत नाही. माणसे कमी असतील तर आहेत त्यांनाच जास्त तास राबवावे लागते. शिवाय नव्या शिपायाचे प्रशिक्षण, आरोग्यविमा आणि त्याचे स्वतंत्र निवृत्तिवेतन यांच्यापुढे जुन्या शिपायाचा दीडपट दराचा तास हिशेबनिसाला स्वस्तच दिसतो. (जादा तास स्वतःहून ओढवून घेण्याचीही एक रीत होती. पाळी संपता संपता अटक करायची, म्हणजे कागदपत्रे आणि न्यायालयातली हजेरी ओघानेच आली. १९९४ च्या मोलेन आयोगाच्या अहवालात 'कॉलर्स फॉर डॉलर्स' या नावाने ही रीत नोंदली गेली आहे.)

२००० साली शेअर बाजार तेजीत होता. निवृत्तिनिधी फुगलेले होते आणि ऑल्बनीच्या विधिमंडळाला औदार्य परवडत होते. त्या वर्षी ही तीन वर्षांची सरासरी पोलीस आणि अग्निशामकांसाठी पुन्हा एका वर्षावर आणली गेली. मर्यादा एवढीच होती, की हिशेबात धरलेल्या वर्षाची मिळकत आधीच्या वर्षाच्या १२० टक्क्यांहून अधिक धरली जाऊ नये. हा वरवर किरकोळ वाटणारा बदल काय करतो ते पाहण्यासारखे आहे. समजा, वीस वर्षे भरलेल्या एका माणसाची वार्षिक मिळकत १,००,००० डॉलर आहे. शेवटच्या वर्षी त्याने २०,००० डॉलरचे जादा काम केले, तर त्याचे निवृत्तिवेतन वर्षाला ५०,००० ऐवजी ६०,००० डॉलर होते. तीस वर्षे ते घेतले, तर २०,००० डॉलरच्या कामापायी ३,००,००० डॉलर अधिक द्यावे लागतात. कामाची मजुरी त्या वर्षीच्या खर्चात दिसते; तिच्यामागून येणारी ही रक्कम त्या वर्षी ओव्हरटाइमचा हुकूम काढणाऱ्याच्या कागदावर कोठेच नसते.

आणि मग ११ सप्टेंबर २००१ उजाडला. अग्निशमन दलाचे ३४३ आणि शहर पोलीस दलाचे २३ जण त्या दिवशी गेले. ३० मे २००२ रोजी ढिगारा उपसण्याचे काम औपचारिकपणे संपेपर्यंत वाचलेल्यांनी तेथे अतोनात जादा तास घालवले. ज्यांची वीस वर्षे भरली होती त्यांना हिशेब कळत होता. इतकी मिळकत पुन्हा होणार नव्हती, तेव्हा हेच वर्ष शेवटचे धरणे शहाणपणाचे होते. अनेकांची फुप्फुसेही निकामी होत चालली होती. २००२ मध्ये नेहमीपेक्षा कितीतरी अधिक जवान आणि पोलीस निवृत्त झाले. याला लबाडी म्हणणारे लेख तेव्हाही आले आणि नंतरही. आम्हांला तो शब्द मान्य नाही. त्यांनी शहराला हवे असलेले तास दिले आणि शहराने स्वतः लिहिलेल्या नियमानुसार मोल घेतले. बोट दाखवायचेच तर ते २००० सालच्या त्या बदलाकडे दाखवावे लागेल. त्याचा दुसरा परिणाम अधिक गंभीर होता, तरी त्याची चर्चा कमी झाली. अनुभवी माणसे एकदम गेली, जागा रिकाम्या राहिल्या आणि उरलेल्यांचे जादा तास आणखी वाढले.

शहराचा निवृत्तिवेतनावरील वार्षिक भार २००२ च्या सुमारास दीड अब्ज डॉलरच्या आसपास होता. २०१२ पर्यंत तो आठ अब्जांच्या घरात गेला. हा सगळा दोष ओव्हरटाइमच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. बाजारातील दोन घसरणी आणि २००० सालच्या इतर सवलती यांचा वाटा त्यात मोठा आहे. पण बाजाराची घसरण कोणाच्या सहीने होत नाही. 'वेतना'ची व्याख्या सहीने बदलली होती.

जून २००९ मध्ये गव्हर्नर डेव्हिड पॅटरसन यांनी जुन्या श्रेणीला मुदतवाढ देणारे विधेयक नाकारले. एरवी दर दोन वर्षांनी सवयीने मंजूर होणारे ते विधेयक होते. त्यानंतर भरती झालेल्यांना तीन वर्षांची सरासरी आणि बावीस वर्षांची सेवा लागू झाली. आधीच्यांना हात लावता येत नव्हता. १९३८ च्या घटनेने ते दार बंद केले होते. त्यामुळे एकाच गाडीत शेजारी बसून गस्त घालणाऱ्या दोघांच्या जादा तासांचे भविष्यातले मोल निरनिराळे झाले. जून २००९ मध्ये भरती झालेल्या शिपायाची वीस वर्षे २०२९ मध्ये भरतील. तो तेव्हाच निवृत्त झाला, तर २०२८-२९ मधले त्याचे जादा तास हिशेबात धरले जातील, आणि त्यांचे पैसे शहर २०५० नंतरही देत असेल.