खापराला विचारा, दूध कुणाचं?

गाईचं तूप पिवळसर, म्हशीचं पांढरं, हे ओळखायला आपल्याला प्रयोगशाळा लागत नाही. चाऱ्यातलं कॅरोटीन गाईच्या दुधात उतरतं. म्हैस त्याचं बहुतेक सगळं 'अ' जीवनसत्त्व करून टाकते. पण दूध संपून हजारो वर्षं झाली आणि हाती फक्त मडक्याचं खापर उरलं, तर दूध कुणाचं हे कसं सांगायचं?

कच्च्या मडक्यात तूप-दही ठेवलं की ते मातीत मुरतं, हे आपण पाहिलेलं आहे. इथल्याच ब्रिस्टल विद्यापीठात स्टेफनी डड आणि रिचर्ड एव्हरशेड यांनी १९९८ साली जुन्या खापरांत मुरलेली अशी चरबी बाहेर काढून तिच्यातल्या जड आणि हलक्या कार्बनचं प्रमाण मोजलं. दुधातली चरबी आणि मांसातली चरबी यांत ते वेगळं पडतं. अशा रीतीने ब्रिटनच्या जुन्या भांड्यांत दूध होतं, हे थेट सिद्ध झालं.

मात्र ते गाईचं की शेळीचं, हे चरबी सांगत नाही. ते सांगतात प्रथिनं, कारण प्रत्येक जनावराच्या दुधातल्या प्रथिनाची घडण थोडी निराळी असते. तुर्कस्तानातल्या चातालह्योयूकच्या सुमारे ८,००० वर्षांपूर्वीच्या भांड्यांना आतून चुनखडीसारखा थर चढला होता. त्यात गाय, मेंढी आणि शेळी यांच्या दुधाची प्रथिनं सापडली. २०१८ साली हे प्रसिद्ध झालं. भांडं घासून लख्ख केलं असतं, तर हा पुरावाच गेला असता.

आता आपल्याकडे येऊ. कच्छमधलं कोटडा भाडली हे सिंधू संस्कृतीतलं एक खेडं. तिथल्या सुमारे ४,५०० वर्षांपूर्वीच्या वाडग्यांत कल्याण शेखर चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दुधाची चरबी मिळाली. २०२० सालचं हे संशोधन. जनावरांच्या हाडादातांतल्या कार्बनवरून चाराही कळला: गाई-म्हशी मुख्यतः भरड धान्याच्या जातीच्या चाऱ्यावर, शेळ्या-मेंढ्या बहुतेक रानातल्या झाडपाल्यावर. आपल्याकडे गुरांपुढे कडबा टाकतात, त्याच्याच जवळची ही गोष्ट.

त्या वाडग्यांतलं दूध गाईचं की म्हशीचं, हे मात्र चरबीवरून ठरत नाही. त्यासाठी प्रथिनंच हवीत, आणि उष्ण हवेत ती टिकणं कठीण. म्हणून उत्खननात निघालेलं मळकट खापर धुण्याआधी तपासायला हवं.