१८ डिसेंबर १९६१ : गोव्यावरून सुरक्षा परिषदेत खडाजंगी

भारतीय सैन्य गोव्यात शिरले, त्याच दिवशी पोर्तुगालच्या तक्रारीवरून न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषद बसली. अमेरिकेचे अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन यांनी भारताच्या बळप्रयोगावर कडाडून टीका केली. हा वसाहतवादाचा प्रश्न आहे, आपल्याच भूमीवर आक्रमण कसले, असे भारताचे सी. एस. झा यांनी ठणकावले. युद्धबंदी व सैन्यमाघारीच्या ठरावाला ७ मते पडली, विरोधात ४. सोव्हिएत नकाराधिकारामुळे तो फेटाळला गेला. सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक यांची विरोधी मते मात्र मला अधिक मोलाची वाटतात. पोर्तुगीज अंगोलातील दडपशाहीचा प्रश्न त्याच वर्षी परिषदेत नेला होता तो लायबेरियानेच. गोवा आणि आफ्रिका यांचा लढा एकच आहे, हे त्या देशांनी ओळखले होते.

या बैठकांची शब्दशः इतिवृत्ते संयुक्त राष्ट्रांच्या संग्रहात आहेत. कोथरूडमधल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ती जरूर वाचावीत, आणि सोबत १९५५ चा गोवा सत्याग्रहही. सेनापती बापट व नानासाहेब गोरे यांची तुकडी १८ मे रोजी गोव्यात शिरली होती. पुण्याच्या मधू लिमयांना त्याच वर्षी पोर्तुगीजांनी १२ वर्षांची शिक्षा ठोठावली.