विद्वानांची खातेवही आणि शंभुनाथ दे

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नव्या वहीला हळदकुंकू वाहण्याची आपली रीत जुनी आहे. कोणाचे देणे आणि कोणाचे येणे हे त्या वहीत नोंदलेले असते. विद्वानांच्या जगातही अशी एक वही आहे. शास्त्रज्ञ नवा निबंध लिहितो तेव्हा ज्यांच्या कामाच्या आधारावर तो उभा असतो त्यांचे निबंध शेवटी उल्लेखितो. हे एका अर्थी ऋण मान्य करणेच होय. कोणाच्या निबंधाचा उल्लेख किती जणांनी केला याची मोजदाद अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे युजीन गारफील्ड यांनी आरंभली आणि १९६४ साली त्यांची उल्लेख-सूची बाजारात आली. पुढे या आकड्यांना असे काही वजन प्राप्त झाले की, नेमणुका आणि बढत्या ठरविताना निबंध वाचण्याआधी आकडा पाहण्याचा प्रघात पडला. हा आकडा कितपत खरे बोलतो हे पारखावयाचे असेल तर कलकत्त्याच्या डॉ. शंभुनाथ दे यांची हकीकत ऐकण्याजोगी आहे.

पटकी हा शब्द उच्चारला की जुन्या पिढीतील माणसे अजून दचकतात. गावोगावच्या वेशीवरील मरीआईची ठाणी आणि वारीला निघालेल्यांस टोचावयाची लस ही त्या भयाचीच स्मारके होत. या रोगाचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू रॉबर्ट कॉक या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ साली कलकत्त्यातच निश्चित केला. हा जंतू काही विष सोडत असावा असा त्याचा तर्क होता. परंतु ते विष कोणाला दाखविता येईना. पाऊण शतक असेच गेले.

शंभुनाथ दे यांचा जन्म १९१५ साली हुगळी जिल्ह्यातला. लंडनला जाऊन विकृतिशास्त्रात त्यांनी १९४९ साली डॉक्टरेट मिळविली आणि ते मायदेशी परतले. त्यांची प्रयोगाची युक्ती साधी होती. सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा, तो पोटातच असता, दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधावयाचा आणि त्या बंद पिशवीत पटकीचे जंतू सोडावयाचे. थोड्याच तासांत ती पिशवी पाण्याने टम्म फुगे. ही रीत त्यांनी १९५३ साली प्रसिद्ध केली. मग १९५९ साली त्यांनी निर्णायक पाऊल टाकले. जंतू ज्या द्रवात वाढविले तो गाळून त्यातून एकूण एक जंतू काढून टाकला आणि नुसता द्रव आतड्यात सोडला. तरीही पिशवी फुगली! जंतू नव्हते, तरी त्यांचे विष होते. ‘नेचर’ या इंग्रजी साप्ताहिकात दोन पानांत हा शोध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत दत्त, पानसे आणि कुलकर्णी यांनीही जंतूंच्या अर्काने सशाच्या पिल्लांना पटकीसारखे जुलाब होतात असे दाखवून दिले.

आणि मग काय झाले? फारसे काहीच नाही. पुढील काही वर्षे दे यांच्या निबंधाची क्वचितच कोणी दखल घेतली. १९६९ साली अमेरिकेत फिंकेलस्टाइन आणि लोस्पालुटो यांनी ते विष शुद्ध स्वरूपात वेगळे केले. ते आतड्याच्या पेशीला चिकटते, त्याचा एक भाग आत शिरतो आणि त्यायोगे पेशीतून क्षार व पाणी अखंड बाहेर वाहू लागते, हे हळूहळू उलगडले. पेशींच्या आवरणावरील एक विशिष्ट मेद हुडकण्यासाठी याच विषाचा निरुपद्रवी भाग प्रयोगशाळांतून वापरला जाऊ लागला. विषयाचा वृक्ष विस्तारला तसे लोक मुळाकडे वळले आणि दे यांचा निबंध अभिजात म्हणून उल्लेखिला जाऊ लागला.

तोवर दे १९७३ साली निवृत्त झाले होते. १९७८ साली नोबेल प्रतिष्ठानाने पटकीवरील परिसंवादास त्यांना स्वीडनला पाचारण केले. आपण १९६० नंतर मेल्यातच जमा होतो, या मंडळींनी आपल्याला उकरून काढले, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी तेथे काढले. नोबेलविजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचे नाव त्या पारितोषिकासाठी एकाहून अधिक वेळा सुचविले होते. आपल्या देशातील एकाही विज्ञान अकादमीने मात्र त्यांना सदस्यत्व दिले नाही. १९८५ साली ते वारले. पुढच्याच वर्षी खुद्द गारफील्ड यांनी आपल्या सूचीच्या आधारे त्यांच्या कार्याचा आढावा घेतला, आणि १९९० साली ‘करंट सायन्स’ने त्यांच्यावर विशेषांक काढला.

आज नियतकालिकांचा जो प्रभावांक सांगतात, तो साधारणतः मागील दोन वर्षांतील निबंधांच्या उल्लेखांवरून काढतात. त्या मापाने १९५९ च्या या दोन पानांनी ‘नेचर’च्या तराजूत फारशी भर टाकली नसती. शिवाय या वहीची दुसरीही एक खोड आहे. शोध सर्वांच्या अंगवळणी पडला की त्याचा उल्लेखच थांबतो. पटकीत पाणी बाहेर टाकणारा झरा विषाने उघडतो, पण साखरेच्या सोबतीने मीठ व पाणी आत घेणारी आतड्याची वाट शाबूत राहते. याच ज्ञानावर १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठसाखरेचे पाणी पाजून शेकडा तीसच्या घरातील मृत्यू चारच्याही खाली आणले. आज घराघरांत आजारी मुलाला ते पाणी पाजणारी आई कोणाच्याही निबंधाचा हवाला देत नाही.

म्हणून वही असावी, तीत नोंदही असावी. तिच्याच आधारे अखेर दे यांचे ऋण जगापुढे मांडता आले. परंतु आपल्या घरातील एखादा मुलगा वा मुलगी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे खपत असेल, तर यंदाच्या दिवाळीत त्याला किंवा तिला ‘किती उल्लेख झाले?’ असे विचारण्याऐवजी ‘काय सापडले?’ असे विचारावे. दे यांना तो प्रश्न वेळेवर विचारणारे फार थोडे भेटले.