रेझ्युमे

रेझ्युमे : नोकरी मागणाऱ्याने आपले शिक्षण, अनुभव, कौशल्ये आणि संपर्काचा तपशील एक-दोन पानांत मांडून नोकरी देणाऱ्याकडे पाठवलेला लेख. महाराष्ट्रात बायोडाटा आणि सीव्ही ही नावेही सर्रास चालतात. प्राध्यापक, संशोधक व डॉक्टर यांचा सीव्ही प्रबंध, शोधनिबंध आणि परिषदा यांच्या नोंदींनी अनेक पानांचा होतो. रेझ्युमे मात्र एका ठरावीक जागेसाठी निवडून लिहायचा असतो. त्याने नोकरी मिळत नाही, मुलाखतीचे बोलावणे मिळते. ते मिळवून दिले की त्याचे काम संपले. आपल्याकडे बहुतेक रेझ्युमे लिहिणाऱ्याच्या समाधानासाठी लिहिले जातात आणि वाचणाऱ्याचा विचार त्यात होतच नाही. त्यातले बरेचसे दोष इथूनच सुरू होतात.

या प्रकारचा सर्वांत जुना प्रसिद्ध नमुना म्हणून लिओनार्दो दा विंचीने मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याला साधारण १४८२ मध्ये लिहिलेल्या पत्राकडे बोट दाखवले जाते. त्याचा मसुदा मिलानच्या अँब्रोझियाना ग्रंथालयातील ‘कोडेक्स अटलांटिकस’ या संग्रहात आहे. तिशीतल्या लिओनार्दोने त्यात हलके, वाहून नेता येणारे पूल, वेढ्याची साधने, तोफा, झाकलेले रथ अशी क्रमवार यादी दिली. शिल्प आणि चित्रकला या गोष्टी त्याने अगदी शेवटी सांगितल्या. मिलानला त्या काळी शेजारी राज्यांशी लढायचे होते. समोरच्याची गरज ओळखून आपल्या गुणांचा क्रम लावण्याची ही रीत आजही तशीच लागू आहे.

भारतात दुसऱ्या महायुद्धानंतर सेवामुक्त होणाऱ्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी १९४५ मध्ये सरकारी रोजगार केंद्रांची व्यवस्था उभी राहिली. १९५९ च्या कायद्याने पंचवीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना रिक्त जागा या केंद्रांना कळवणे बंधनकारक झाले. मग दहावी-बारावी झाली की ‘एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज’मध्ये नाव घालायचे, कार्डाचे नूतनीकरण करायचे आणि ‘कॉल’ची वाट पाहायची, हा मराठी घरांतला अनेक वर्षांचा क्रम होता. अर्ज टंकलिखित असे. ‘आपल्या जाहिरातीस अनुसरून’ अशी सुरुवात आणि सोबत प्रमाणपत्रांच्या सत्यप्रती. उमेदवाराने स्वतःबद्दल काही मांडायला त्यात जागाच नव्हती. उदारीकरणानंतर खासगी नोकऱ्या वाढल्या, १९९७ मध्ये नोकरी डॉट कॉम सुरू झाले, २००३ मध्ये लिंक्डइन आले आणि रेझ्युमे संगणकावरची फाइल झाला. सरकारची राष्ट्रीय करिअर सेवा ही वेबसाइट २०१५ पासून आहे. सरकारी भरतीत मात्र आजही रेझ्युमेला महत्त्व नाही. तिथे विहित नमुन्यातील अर्ज, परीक्षा आणि पात्रतेची अट चालते. लिपिक-टंकलेखकाला मराठी टंकलेखनाचा मिनिटाला ३० किंवा इंग्रजीचा ४० शब्दांचा वेग प्रमाणपत्राने दाखवावा लागतो. तिथे सुंदर मांडणीचा उपयोग नाही.

मराठी समाजात बायोडाटा दोन कामांसाठी बनतो, लग्नासाठी आणि नोकरीसाठी. टाइप करून देणारे झेरॉक्सचे दुकान बहुधा एकच, आणि संगणकात जपून ठेवलेला नमुनाही जवळजवळ एकच. त्यामुळे वडिलांचे नाव व व्यवसाय, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, धर्म, जात, कायमचा पत्ता, छंद या लग्नाच्या बाजारातल्या बाबी नोकरीच्या कागदावर येऊन बसतात. वर ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’ म्हणून नामांकित संस्थेत आव्हानात्मक पद मिळवण्याची, हजारो रेझ्युमेंत जशीच्या तशी आढळणारी इच्छा. खाली ‘वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे’ हे प्रतिज्ञापत्र, स्थळ, दिनांक आणि सही. या सर्वांत पानाचा बराच भाग खर्च होतो. वाळूज, चाकण किंवा सातपूरच्या कारखान्यातील व्यवस्थापकाला जे जाणून घ्यायचे असते, म्हणजे हा मुलगा कोणते मशीन चालवतो, ते शोधावे लागते. खासगी नोकरीच्या रेझ्युमेत धर्म, जात आणि वैवाहिक स्थिती लिहिण्याचे काहीही कारण नाही. आरक्षणाच्या जागांसाठी जातीची माहिती स्वतंत्र अर्जात आणि दाखल्यासह मागितली जाते.

परिणामकारक रेझ्युमेचा गाभा कामाच्या तपशिलात असतो. आयटीआय झालेल्या ऑपरेटरने ‘उत्पादन विभागात दोन वर्षांचा अनुभव’ असे लिहिले तर त्यातून काहीच समजत नाही. त्यानेच ‘सीएनसी टर्निंग, फॅनुक कंट्रोल, ड्रॉइंग वाचून सेटिंग, टूल बदलणे व ऑफसेट देणे, व्हर्नियर, मायक्रोमीटर व बोअर गेजने तपासणी, तिन्ही पाळ्यांत काम’ असे लिहिले, तर सुपरवायझर पुढचा प्रश्न विचारायला उत्सुक होतो. ट्रेडचे नाव, राष्ट्रीय व्यावसायिक प्रशिक्षण परिषदेचे प्रमाणपत्र आहे का, आणि ॲप्रेंटिसशिप कुठे केली, हे त्याच्या लगेच खाली हवे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली प्रशिक्षण घेतलेल्या अनेकांना ते लिहायचे राहून जाते, किंवा ‘ट्रेनिंग’ या मोघम शब्दात ते गडप होते. ॲप्रेंटिस म्हणून घालवलेले वर्ष हे कामच आहे आणि ते कामासारखेच लिहावे.

हाच नियम इतर व्यवसायांना लागू आहे, पण प्रत्येकाचा तपशील वेगळा असतो. हिशेबनिसाने टॅलीबरोबर जीएसटी विवरणपत्रे स्वतः भरली की फक्त नोंदी केल्या, हे सांगावे. परिचारिकेने एएनएम की जीएनएम, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि अतिदक्षता विभाग, बाळंतपण किंवा शस्त्रक्रियागृह यांपैकी कुठे ड्युटी केली ते लिहावे. ड्रायव्हरचा रेझ्युमे अर्ध्या पानाचा असला तरी चालतो, मात्र परवान्याचा प्रकार, बॅज, चालवलेली वाहने आणि नेहमीचे मार्ग त्यात असलेच पाहिजेत. जिथे आकडा खरा आणि आठवणीतला आहे तिथे आकडा द्यावा : किती जणांची टीम, रोज किती बिले, किती खाटांचा विभाग. ओढूनताणून काढलेली टक्केवारी मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला कोसळते.

फ्रेशरची अडचण वेगळी आहे. अनुभव नाही म्हणून तो ‘मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेअर, लवकर शिकणारा’ असे गुण लिहीत सुटतो. ते खरे असतीलही, पण न दाखवता सांगितलेल्या गुणावर कुणी विश्वास ठेवत नाही. अशा वेळी आयुष्यात खरोखर काय केले याची झडती घ्यावी. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये स्वतःच्या वाट्याला आलेला भाग, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात सांभाळलेली जबाबदारी, गणेश मंडळाचा तीन वर्षे ठेवलेला आणि सभेत मांडलेला जमाखर्च, घरच्या दुकानात सांभाळलेला स्टॉक, बचतगटाची चिटणीस म्हणून बँकेशी केलेला कर्जाचा व्यवहार, ही सारी कामे आहेत. शहरी, इंग्रजी माध्यमातला मुलगा आपली छोटीशी इंटर्नशिप ठळक मांडतो. चार वर्षे कॉलेज सांभाळून कृषी सेवा केंद्रात काम केलेली मुलगी मात्र ते लिहायला लाजते. हा संकोच टाकून द्यायला हवा. शिक्षण किंवा नोकरी यांत खंड पडला असेल, बाळंतपण, आजारी आई-वडील किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी यांमुळे, तर तो एका ओळीत सरळ सांगावा. तारखा धूसर ठेवून झाकलेला खंड अधिक संशय निर्माण करतो. एमपीएससीची तयारी करून खासगी क्षेत्राकडे वळणाऱ्यांची संख्या महाराष्ट्रात मोठी आहे, आणि त्या वर्षांचा उल्लेख करण्यात कमीपणा नाही.

लांबी आणि मांडणीबद्दल फारसे काही सांगण्यासारखे नाही. सुरुवातीच्या उमेदवाराला एक पान पुरते, दहा-बारा वर्षांच्या अनुभवाला दोन. द लॅडर्स या अमेरिकी कंपनीने भरती अधिकाऱ्यांच्या नजरेचा माग घेऊन २०१२ मध्ये पहिल्या चाळणीला सरासरी सहा सेकंद लागतात असे सांगितले. २०१८ मध्ये तो आकडा ७.४ आला. प्रयोग लहान होता, पण त्यातली दिशा पटण्यासारखी आहे. म्हणून शेवटची नोकरी सर्वांत वर, तारखा एकाच रांगेत, आणि जाहिरातीत मागितलेली मुख्य गोष्ट पहिल्या तृतीयांश पानात. एकच रेझ्युमे पन्नास ठिकाणी पाठवण्यापेक्षा पाच जाहिराती नीट वाचून पाच वेळा क्रम बदलणे जास्त फळते.

मोठ्या कंपन्यांत माणसाच्या आधी संगणकप्रणाली रेझ्युमे वाचते. ती मजकूर उचलते, शीर्षके ओळखते आणि शोधशब्द जुळवते. दोन स्तंभांची मांडणी, चौकटी, चित्रात बसवलेली अक्षरे आणि कौशल्यांचे तारे तिला अनेकदा नीट वाचता येत नाहीत. मराठी उमेदवाराची एक खास अडचण अशी की डीटीपीच्या दुकानांतले जुने फाँट युनिकोड नसतात. श्रीलिपीच्या किंवा शिवाजीच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक अक्षरांचा ढीग दिसतो. मराठीत रेझ्युमे द्यायचा असेल, आणि स्थानिक वृत्तपत्र, सहकारी बँक किंवा शाळा यांसाठी तो द्यावाच, तर युनिकोडमध्ये टाइप करून पीडीएफ पाठवावी.

दुसरी अडचण नावाची. महाराष्ट्रातल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, आधारवर बहुधा शेवटी. इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक कागदावर वेगळे, आणि लग्नानंतर बदललेले नाव पदवीवर नसते. नोकरी ठरल्यावर होणाऱ्या पार्श्वभूमीच्या तपासणीत याच गोष्टींवर काम अडते. रेझ्युमेवर एकच रूप वापरावे आणि ते शक्यतो दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळावे.

या तपासणीत खोटेपणाही उघडा पडतो. भविष्य निर्वाह निधीचा युनिव्हर्सल अकाउंट नंबर २०१४ मध्ये आल्यापासून उमेदवार कुठल्या आस्थापनेत कधी होता याची नोंद एका क्रमांकाखाली मिळते. विकत घेतलेले अनुभवपत्र त्यामुळे फार काळ टिकत नाही. परदेशातली उदाहरणे तर बोलकी आहेत. अमेरिकेतील एमआयटीच्या प्रवेश विभागाच्या प्रमुख मॅरिली जोन्स यांना २८ वर्षांच्या सेवेनंतर २००७ मध्ये, नसलेल्या पदव्या सांगितल्याबद्दल पायउतार व्हावे लागले. याहूचे मुख्य कार्यकारी अधिकारी स्कॉट थॉम्पसन यांनी २०१२ मध्ये अवघ्या काही महिन्यांत पद सोडले. पदवी लेखाशास्त्राची होती आणि परिचयात संगणकशास्त्रही जोडले गेले होते. दोघेही आपल्या कामात कच्चे नव्हते. त्या खोट्या ओळीची त्यांना गरजच नव्हती.

रेझ्युमे कितीही चोख असला तरी वाचणारा निःपक्ष असेलच असे नाही, आणि हे न सांगणारी मार्गदर्शक पुस्तके उमेदवारांवर अन्याय करतात. मूळचे अमरावती जिल्ह्यातले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकी समाजशास्त्रज्ञ पॉल ॲटवेल यांनी वृत्तपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, फक्त आडनाव वेगळे असलेले अर्ज पाठवून पाहिले. २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला अनुकूल उत्तर मिळण्याचे गुणोत्तर ०.६७ आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला ०.३३ इतकेच होते. यंत्रानेही हा दोष सुटत नाही. ॲमेझॉनने तयार करवून घेतलेली रेझ्युमे पारखणारी प्रणाली स्त्रियांच्या अर्जांना कमी लेखत असल्याने कंपनीने ती सोडून दिली, हे २०१८ मध्ये रॉयटर्सने उघड केले. आधीच्या दहा वर्षांत आलेल्या, मुख्यतः पुरुषांच्या रेझ्युमेंवरून ती शिकली होती. उत्तर न आलेल्या प्रत्येक अर्जाचा दोष उमेदवाराने स्वतःकडे घेऊ नये. नावे झाकून पहिली चाळणी करणे हे कंपन्यांच्या हातात आहे आणि ते त्यांनी केले पाहिजे.

देशागणिक रूढी बदलतात. अमेरिका व ब्रिटनमध्ये छायाचित्र, वय आणि वैवाहिक स्थिती लिहीत नाहीत. जपानमध्ये ठरावीक छापील नमुना चालतो. जर्मनीत तक्त्यासारखा, तारखांना काटेकोर परिचय लागतो. तिथे समान वागणुकीच्या २००६ च्या कायद्यानंतर छायाचित्राची सक्ती उरलेली नाही, तरी ते लावण्याची सवय टिकून आहे. महाराष्ट्राने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार २०२४ मध्ये केला असल्याने इथल्या इलेक्ट्रिशियन, प्लंबर व परिचारिकांना हा नमुना माहीत असणे उपयोगाचे आहे. युरोपीय संघाचा युरोपास हा विनामूल्य साचा त्यासाठी वापरता येतो.

रेझ्युमे एकदा इंटरनेटवर गेला की तो कुणाच्या हाती पडेल याचा नेम नसतो. आधार व पॅन क्रमांक, बँकेचा तपशील, घराचा पूर्ण पत्ता आणि सही त्यावर देऊ नये. गाव व पिन कोड, मोबाइल आणि ई-मेल एवढे पुरते. वेबसाइटवरून क्रमांक उचलून ‘तुमची निवड झाली आहे, नोंदणी शुल्क भरा’ असे फोन करणाऱ्या टोळ्या आहेत आणि त्यांत जास्त फसतात ती गरजू घरांतली मुले. कामावर घेण्यासाठी उमेदवाराकडून पैसे मागणाऱ्याला कागदपत्रे पाठवू नयेत. पैसे गेलेच, तर राष्ट्रीय सायबर गुन्हे हेल्पलाइनच्या १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी.