बाईचं मत एकच असतं का?



गटाच्या बैठकीत ठराव येतो. सगळ्या हात वर करतात, एखादीच गप्प बसून राहते. मग कुजबुज सुरू होते, 'ही आपल्यातली नाही वाटतं.' अमेरिकेतल्या एका विद्यापीठात अशाच वेगळ्या मताच्या मुलींनी आपला गट काढला. आज त्याचा इतिहास ऐकू या.

व्हर्जिनिया विद्यापीठ थॉमस जेफरसन यांनी १८१९ साली स्थापन केलं. परिचारिका किंवा शिक्षिका होण्याचं शिक्षण तिथं बायकांना मिळू लागलं, पण पदवीच्या मुख्य महाविद्यालयाचं दार मुलींना जवळपास दीडशे वर्षं बंदच होतं. १९६९ साली चार तरुणी कोर्टात गेल्या. त्यानंतर १९७० पासून मुली मुलांच्या बरोबरीनं तिथं शिकू लागल्या.

त्याच काळात देशभर मोठा वाद पेटला. स्त्री की पुरुष, यावरून कायद्यानं भेद करू नये, अशी घटनादुरुस्ती अमेरिकेच्या संसदेनं १९७२ साली मंजूर केली. ती लागू व्हायला ३८ राज्यांची संमती हवी होती. १९७७ पर्यंत ३५ राज्यांची मिळाली आणि गाडी तिथंच अडली.

ती अडवणाऱ्यांमध्ये सगळ्यात पुढं एक बाईच होती. फिलिस श्लाफ्ली, सहा मुलांची आई. तिचं म्हणणं असं, की ही दुरुस्ती झाली तर बायकांनाही सक्तीनं लष्करात जावं लागेल आणि बायकोला पोसायची नवऱ्याची जबाबदारी सुटेल. तिच्या बाजूच्या बायका घरी भाजलेले पाव घेऊन आमदारांना भेटायला जात. समोरच्या बायका विचारत, 'घराचं महत्त्व सांगणारी ही बाई स्वतः देशभर भाषणं देते, पन्नाशी उलटल्यावर वकिलीची पदवी घेते. मग इतर बायकांच्या वाटेत कायदा आडवा का यावा?' दोन्हीकडे बायकाच होत्या आणि दोन्हीकडच्यांना आपल्या लेकीबाळींचीच काळजी होती. १९८२ साली मुदत संपली आणि दुरुस्ती राहून गेली.

आता येऊ २००४ सालात. त्याच व्हर्जिनिया विद्यापीठात कॅरिन अ‍ॅग्नेस नावाची विद्यार्थिनी होती. सुट्टीत ती राजधानी वॉशिंग्टनला एका खासदाराच्या कार्यालयात काम शिकायला गेली होती. तिथं तिला परंपरेला मानणाऱ्या, तरीही राजकारणात धीटपणे वावरणाऱ्या बायका भेटल्या. परत आल्यावर अशा मुलींचा गट काढायला तिनं विद्यापीठाच्या महिला केंद्राकडे मदत मागितली. तिनंच पुढं सांगितलं, की तिथं तिला नकार मिळाला. मग तिनं स्वतःच मुली जमवल्या. सुरुवात अगदी साधी होती: एकत्र पुस्तकं वाचायची आणि त्यावर बोलायचं. गटाचं नाव 'नेटवर्क ऑफ एनलाइटन्ड विमेन', म्हणजे प्रबुद्ध बायकांचं जाळं. पुढं इतर विद्यापीठांतही त्याच्या शाखा निघाल्या.

या मुलींचं म्हणणं होतं, 'बाई म्हणजे अमुकच विचारांची, असं आमच्या वतीनं कुणी परस्पर ठरवू नका.' त्यांच्यावर टीकाही झाली आणि तीही समजून घ्यायला हवी. ज्या चळवळीमुळं बायकांना वर्गात जागा मिळाली, तिच्यावरच तुम्ही बोट ठेवता, असं टीकाकार म्हणतात. यात तथ्य आहेच. १९६९ साली त्या चौघी कोर्टात गेल्या नसत्या, तर २००४ साली तिथं पुस्तक उघडून वाद घालायला मुली आल्या कुठून असत्या?

पण मला वाटतं, दार उघडलं ते एकाच मताच्या मुलींसाठी नव्हतं. आत येणारीला तिचं मत विचारून कुणी आत सोडत नाही. हक्क मिळाला म्हणजे तो न पटणाऱ्या बाईलाही मिळाला. आणि ज्या वेगळ्या मताच्या आहेत, त्यांनीही आपल्या गटात आणखी वेगळं बोलणारीला जागा द्यायला हवी; नाहीतर जुन्या साच्यातून निघून नवा साचा घडवल्यासारखंच व्हायचं.

तेव्हा सख्यांनो, पुढच्या बैठकीत एवढं करा. ठरावाला कुणी नाही म्हणाली, तर तिचं कारण विचारा आणि ते तिच्या नावासकट इतिवृत्तात लिहा. मग खुशाल मतदान घ्या. ठराव मंजूर होईल किंवा पडेल, पण त्या बाईला पुढच्या बैठकीला यावंसं वाटलं पाहिजे.